प्रतिकारशक्ती म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आतल्या पानावर अर्धं पान भरून एक लेख होता, पावसाळ्यात इम्युनिटी वाढवा म्हणून, आणि खाली चूर्णाच्या डब्याचा फोटो, मोबाईल नंबर आणि एकवीस दिवसात प्रतिकारशक्ती दुप्पट. कोपऱ्यात कुठं 'जाहिरात' असं लिहिलंय का ते मी भिंग घेऊन बघितलं, भिंगाचीच सवय आहे मला, पण नव्हतं. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये रोज एकतरी माणूस येऊन विचारतोय, इम्युनिटीची टेस्ट करता का हो, किती पैसे पडतील. आता काय सांगायचं? एचबी मोजता येतं, शुगर मोजता येते, एखाद्या रोगाच्या अँटीबॉडीसुद्धा मोजता येतात, पण अख्खी इम्युनिटी कशात मोजू, लिटरमध्ये?

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. सांगोल्यात २२ वर्षं लॅब टेक्निशियन आहे, रक्त काढायचं, स्लाइड करायची, रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम. पण ताप आलेल्या माणसाचं रक्त इतकी वर्षं रोज बघितल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय की आजाराशी लढणारी एक कुठली वस्तू शरीरात नाहीच, ती सगळ्या अवयवांची मिळून चाललेली धावपळ आहे आणि ती कुठं अडली ते बघावं लागतं. ते नीट सांगायला मला माझ्या भाच्याचा पाय मधे आणावा लागेल, त्याची परवानगी घेतलीय.

आमच्याकडं डाळिंब. छाटणीच्या दिवसात बागेत काट्यांचा सडा पडलेला असतो, आणि हे पोरगं, वय १९, साधी स्लीपर घालून आत शिरलं. काटा स्लीपरातून आरपार तळव्यात. बहिणीनं सुईनं काढला, पण टोक आतच मोडलेलं, ते कुणाच्या लक्षात नाही. दुसऱ्या दिवशी तळवा लाल, हाताला गरम लागतोय, सुजलाय आणि ठणका असा की टाच टेकवून लंगडत चालतोय. तिसऱ्या दिवशी जांघेत गाठ आली, रात्री हुडहुडी भरली, दोन गोधड्या घालून थरथरतोय, आणि काखेत थर्मामीटर लावला तर १०२. बहीण घाबरून फोनवर, दादा काटा पायात आणि गाठ जांघेत कशी, हे काहीतरी वेगळं आहे.

वेगळं काही नव्हतं. आमची आज्जी असती तर म्हणाली असती अवधाण आलंय, पायाला कुठं लागलंय बघा. जुन्या बायकांना हे बरोबर माहीत होतं, जांघेत अवधाण दिसलं की त्या आधी पोराचा पाय उलटा करून बघायच्या आणि काखेत दिसलं की हात. रसवाहिन्या, म्हणजे मांसात झिरपलेलं पाणी या गाठींकडं नेणाऱ्या बारीक नळ्या, कुठून कुठं जातात याचा नकाशा त्यांनी कधी बघितला नसेल पण पत्ता बरोबर सांगायच्या.

आता त्या पायात काय चाललं होतं ते सांगतो. शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू असं चित्र असतं, मला ते कधी पटलं नाही, त्यात नुसती मारामारी दिसते. मला हे लग्नघरासारखं वाटतं, मांडववाला वेगळा, आचारी वेगळा, पाणी आणणारा वेगळा, आणि सगळं निरोपावर चालतं, एक निरोप चुकला की पंगत खोळंबते.

काटा घुसला, कातडीचं कुंपण फाटलं, काट्याबरोबर मातीतले जंतू आत. तिथं मांसात काही पेशी कायमच्या मुक्कामाला असतात, त्यांना जंतूंचा स्पर्श कळतो आणि त्या लगेच रसायनं सोडतात, हा पहिला निरोप. त्यानं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून लाली आणि गरमी. मग त्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज, पण त्याच वाटेनं पांढऱ्या पेशीही बाहेर पडतात. आणि नसा चाळवतात म्हणून ठणका. लाली, सूज, गरमी, ठणका ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन माणसानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलीत. आपल्याला वाटतं हा आजार, पण निम्मं ते शरीराचं चालू असलेलं काम असतं. ठणक्याचाही उपयोग बघा, पोरानं पाय टेकवला नाही म्हणजे पायाला सक्तीची विश्रांती मिळाली, हे काम मज्जासंस्थेनं केलं, त्याचा पांढऱ्या पेशींशी काय संबंध असं वाटतं, पण संबंध आहे.

काट्यावरून एक आठवलं, थोडं विषयांतर होईल पण सांगतोच. या सगळ्या शास्त्राची एक मोठी सुरुवात काट्यानंच झालीय. १८८२ साली इटलीत मेसिना गावी मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला. त्यावरून त्यानं सांगितलं की या पेशी बाहेरच्या वस्तूला गिळतात. १९०८ ला त्याला नोबेल मिळालं. आमच्या सांगोल्यात दर छाटणीला हा प्रयोग शंभर पायांवर होतो पण नोबेल कोण देतंय.

तर भाच्याला डॉक्टरांकडं नेला, त्यांनी चीर देऊन मोडकं टोक काढलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक लिहून दिलं, आणि रक्त माझ्याकडं आलं. घरचं पोरगं म्हणून मशीनच्या आकड्यावर न थांबता स्लाइड केली, लीशमनचा रंग चढवला आणि ऑइल इमर्शनखाली बसलो. नॉर्मल माणसाचा पांढऱ्या पेशींचा काउंट चार ते अकरा हजार, याचा १६,८००, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८६ टक्के. आणि फील्ड सरकवत जावं तसे बँड सेल दिसायला लागले. पिकलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन चार मण्यांची माळ असावी तसं असतं, बँड सेलचं घोड्याच्या नालासारखं वाकडं, अजून मणी पडलेले नाहीत. म्हणजे हाडातल्या मगजानं तयार माल संपत आला म्हणून कच्ची पोरंसुद्धा बाहेर पाठवलीत. तुम्ही आम्ही ठणठणीत असतो तेव्हासुद्धा हा मगज रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवतो, आणि त्यातला एकेक रक्तात जेमतेम दिवसभर टिकतो. जखमेत जाऊन जंतू गिळून तिथंच मरतो, आपण त्याला पू म्हणतो आणि नाक मुरडतो.

विचार करा, काटा कुठं, तळव्यात. मगज कुठं, कमरेच्या आणि छातीच्या हाडात. निरोप रक्तातून गेला. तोच निरोप मेंदूपर्यंतही गेला, तिथं हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे तो शरीराचं तापमान ठरवतो, त्यानं आकडा ९८ वरून वर नेला. आता मेंदूला वाटतंय शरीर थंड पडलंय, म्हणून कातडीच्या रक्तवाहिन्या आखडल्या, हातपाय गार पडले, आणि स्नायूंना थरथरायला लावलं कारण थरथरण्यातून उष्णता होते. म्हणजे गोधडीतली हुडहुडी हा ताप चढवायचा कारखाना होता. आपण म्हणतो घाम आला म्हणून ताप उतरला, खरं तर मेंदूनं आधी आकडा खाली घेतला आणि मग घाम सोडला. वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी चपळ होतात, पण फुकट नाही हे, एक डिग्री सेल्सियस ताप वाढला की शरीराचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि हृदयाचे ठोकेही मिनिटाला दहाच्या आसपास वाढतात. म्हणून ताप तसाच अंगावर काढा असं मी अजिबात म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला आणि लहान पोराला ते झेपत नाही, पॅरासिटामॉल घ्या ना, फक्त पहिल्या तासाला सलाईन लावा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका.

लिव्हरचं तर कुणी नावच घेत नाही. निरोप पोचला की लिव्हर आपली नेहमीची कामं जरा बाजूला ठेवून वेगळी प्रथिनं बनवायला घेतं. त्यातलं एक सीआरपी, जे तुम्ही सगळ्यांनी कोविडमध्ये हजार वेळा ऐकलं. ते काय कोविडचं नाही, १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलेलं आहे, ते जंतूच्या अंगाला चिकटतं आणि गिळणाऱ्या पेशीला खूण पटते. भाच्याचं ६४ आलं होतं, असावं ६ च्या आत. दुसरी गंमत म्हणजे लिव्हर असं एक हार्मोन सोडतं की रक्तातलं लोह कुलूपबंद होतं, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं, त्यांची रसद तोडली. आमच्याकडं लोक ताप असतानाच आयर्नची टेस्ट करून घेतात, ते कमी येतं आणि लगेच आयर्नच्या गोळ्या सुरू. अहो ते कमी केलेलं असतं, ताप जाऊ द्या मग तपासा.

आता त्या अवधाणाकडं येतो, कारण सगळ्यात हुशारीचं काम तिथं चालतं. जखमेतल्या काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन रसवाहिनीतून निघतात आणि जांघेतल्या गाठीत येतात. तिथं लाखो पेशी बसलेल्या, प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो, आणलेला तुकडा ज्या मोजक्या पेशींना जुळतो त्या तिथंच भराभर दुप्पट चौपट व्हायला लागतात. म्हणून गाठ फुगते. याला वेळ लागतो, आठवडाभर तरी, तोपर्यंत ते अल्पायुषी न्यूट्रोफिल खिंड लढवत असतात. एकदा हे झालं की त्यातल्या काही पेशी आठवण ठेवून वर्षानुवर्षं राहतात, लस म्हणजे हीच आठवण आजार न होता करून देणं. शाळेत टोचलेल्या धनुर्वाताच्या लशीची आठवण त्या पोराच्या रक्तात आधीच होती, डॉक्टरांनी ती ताजी केली इतकंच.

आणि ही गाठ हरली तर काय होतं तेही आपल्या राज्यानं बघितलंय. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात, लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे. पिसू बहुतेक पायाला चावायची म्हणून गाठ जास्त करून जांघेत, तीच ही जागा. पण प्लेगचा जंतू असा की तो गाठीत मरत नाही, तिथंच वाढतो आणि गाठ फोडून रक्तात उतरतो. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन साहेबांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली, परळच्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. त्याच साली १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या.

आता दुसरा पाय. आमच्या वस्तीवरचे एक आण्णा, शुगरचे पेशंट, बारा वर्षं झाली. नव्या चपलेत खिळा वर आलेला, तो सहा दिवस पायात टोचत होता आणि त्यांना पत्ताच नाही. सुनेला फरशीवर डाग दिसला तेव्हा कळलं. अवधाण नाही, ठणका नाही, ताप पण नावाला, आण्णा म्हणतात मला काय झालंय, मी चांगलाय की. अंगठ्याजवळ काळं पडलेलं. मधे दोन दिवस कुठंतरी एक सुई घेऊन आले होते, त्यानं एकदम हुशारी वाटली म्हणे, सुई कसली ते चिठ्ठीवर लिहिलेलं नाही त्यामुळं मी काही बोलत नाही. माझ्याकडं रक्त आलं तेव्हा काउंट २३,४००, शुगर ४१२. शेवटी अंगठा काढावा लागला.

आण्णांच्या पांढऱ्या पेशी काय कमी होत्या का? भाच्यापेक्षा जास्त होत्या. पण शुगरनं पायाच्या नसा बधिर झालेल्या म्हणून ठणक्याचा निरोपच गेला नाही. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या म्हणून पेशी पोचायच्या तिथं पोचल्या नाहीत, अँटिबायोटिक पण रक्तातूनच जातं ना, तेही नीट पोचलं नाही. आणि साखरेच्या पाकात न्यूट्रोफिल आळशी होतात, जंतू नीट गिळत नाहीत. इथं तुमच्या त्या डब्यातलं चूर्ण नक्की काय वाढवणार होतं? आण्णांना लागत होती रोज रात्री पायाचा तळवा बघायची सवय, आरसा धरून किंवा सुनेला सांगून, आणि शुगरची गोळी वेळेवर.

त्या सुईबद्दल न बोलता सुयांबद्दल सर्वसाधारण बोलतो, कारण खेडोपाडी हे फार चालतं. स्टेरॉइडची सुई दिली की दोन तासात अंगदुखी पळते, ताप उतरतो, भूक लागते, डॉक्टर देवमाणूस. होतं असं की स्टेरॉइड हे निरोपच बंद करतं. लग्नघरातले सगळे फोन कापले की घर शांत वाटणारच. जंतू मात्र तिथंच. वर आमची पंचाईत वेगळी, स्टेरॉइडनं रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि काउंट उगीच वाढलेला दिसतो, त्यामुळं सुई घेतली असेल तर लॅबवाल्याला सांगत जा हो, लाज कसली.

पण स्टेरॉइड वाईट असंही नाही, इथंच खरी मेख आहे. शरीर स्वतःसुद्धा ब्रेक लावतं, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात ते हेच काम करतं, आणि मेंदूकडून पोटाकडं येणारी व्हेगस नावाची नस पण सूज आवरायचा निरोप आणते. कोविडमध्ये काही लोकांचा ब्रेकच लागेना, विषाणू कमी झाला तरी फुप्फुसात धावपळ चालूच, त्यांना डेक्सामेथासोननं वाचवलं, जून २०२० ला इंग्लंडमधल्या मोठ्या ट्रायलनं ते दाखवून दिलं, पण ऑक्सिजन लागलेल्या पेशंटमध्येच, साध्या पेशंटला फायदा नव्हता. आपल्याकडं मात्र ते चण्यासारखं खाल्लं गेलं, त्यात शुगर वाढलेली, आणि २०२१ ला म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आला, किती जणांचे डोळे आणि जबडे गेले ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

डेंग्यूचं पण तसंच. लोक प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसतात, सकाळ संध्याकाळ माझ्याकडं, नव्वद हजार झाल्या पंच्याऐंशी झाल्या, पपईचा पाला कुठं मिळतो. खरा धोका असतो रक्तवाहिन्या झिरपण्याचा, आणि ते झिरपणं बरंचसं आपल्याच लढाईनं होतं, म्हणून ताप उतरल्यावरचे एक दोन दिवस जास्त जपायचे असतात जेव्हा सगळे म्हणतात चला आता बरा झाला. मी पेशंटला सांगतो रिपोर्टात प्लेटलेटबरोबर पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, बघा, तो चढत असेल तर रक्त घट्ट होतंय, पळा दवाखान्यात. आणि डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एकदा एक होऊन गेला आणि नंतर दुसऱ्या प्रकारचा झाला तर पहिल्या वेळच्या अँटीबॉडीच कधी कधी विषाणूला पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणजे इथं जास्तीची प्रतिकारशक्तीच गळ्याशी येते. संधिवाताच्या काही प्रकारांत ती स्वतःच्याच सांध्यांना खाते, दम्यात धुळीवर तुटून पडते. तेव्हा एकवीस दिवसात खरंच दुप्पट झाली ना साहेब, तर माणूस आयसीयूत दिसेल, पुरवणीत नाही.

आता तुम्ही म्हणाल मग माणसानं करायचं काय. नवीन काही नाही, घरातल्या पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या लशी, शुगर ताब्यात, नीट जेवण, रात्रीची झोप, बागेत जाताना बूट, तंबाखू बंद. यात विकायला काही नाही म्हणून यावर कुणी अर्धं पान घेत नाही हे मला समजतं. पेपर चालवायला पैसा लागतो हेही समजतं, जाहिरात छापा, फक्त वर 'जाहिरात' हा शब्द बातमीच्या टायपात छापा, मुंगीच्या टायपातसुद्धा नव्हता म्हणून हे पत्र.

भाच्याचा काउंट नवव्या दिवशी ७,२०० आला. स्लाइड परत केली, नाल दिसले नाहीत, सगळ्या मण्यांच्या माळा. जांघेतली गाठ अजून वाटाण्याएवढी लागते, मामा ही कधी जाणार म्हणून रोज विचारतो, म्हणलं जाईल महिन्याभरात, नाही गेली किंवा वाढली तर डॉक्टरांना परत दाखवू, तोवर दाबून दाबून बघू नकोस. पण माझ्या बहिणीनं तेवढ्यात तुमच्या पेपरातलं कात्रण दाखवून तो डबा मागवला होता. मी तो उचलून लॅबमध्ये टेबलावर आणून ठेवलाय, इम्युनिटीची टेस्ट विचारायला येणाऱ्याच्या हातात देतो आणि वाचायला सांगतो. किंमत ८५० रुपये छापलीय, आत काय आहे ते छापलेलं नाही.

कळावे,
आपला एक वाचक, लॅब टेक्निशियन,
सांगोला, जि. सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, डबेवाल्यांचे फोन येतात.)